कुठून आणलंस?

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला जे कॅलेंडर लटकतं, त्यात दूध, गॅस आणि मोलकरणीचे खाडे यांच्या जोडीला आणखी एक नोंद असते. पेन्सिलने, बारीक अक्षरात लिटर, किलोमीटर आणि खाली रेघ मारून भागाकार. १९९३ साली स्कूटर घरात आली त्या महिन्यापासून बाबा हे करतात. जुनी कॅलेंडरं आमच्याकडे फेकली जात नाहीत, गुंडाळी करून, सुतळी बांधून माळ्यावर जातात. गेली पंचवीसेक वर्षं मी त्या स्कूटरच्या इंजिनाशी जे खेळ केले त्यांचा इतिहास त्या गुंडाळ्यांत आहे. माझ्या आठवणीतले बहुतेक प्रयोग यशस्वी आहेत. कॅलेंडरातले नाहीत.

स्कूटर किनेटिक होंडा. इंदुरात या गाडीबद्दल थोडी घरची माया आहे, कारण ती इथून पंचवीस-तीस किलोमीटरवर पीथमपूरला बनायची. १९८४ मध्ये पुण्याच्या फिरोदियांच्या किनेटिकने होंडाशी हात मिळवला आणि कारखाना टाकला तो आमच्या शेजारच्या धार जिल्ह्यातल्या माळावर. सकाळी कंपन्यांच्या बसगाड्या डबेवाले कामगार भरून तिकडे निघायच्या, त्यांतल्या एकीत बाबा असायचे. ते स्कूटरच्या कारखान्यात नव्हते, सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या युनिटात इन्स्पेक्शनला होते. हातात दिवसभर गो आणि नो-गो गेज. एक टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं टोक जाताच कामा नये. मधली गोष्ट त्या गेजला कळत नाही. बाबांनाही फारशी कळत नसे, असं लहानपणी माझं मत होतं.

त्याआधी घरी चेतक होती. एकशे पंचेचाळीस सीसी, डाव्या मुठीत गिअर, थंडीच्या सकाळी एका अंगावर कलती करून मग किक मारायची. किनेटिक आली आणि बटण दाबलं की सुरू. ना गिअर, ना क्लच. आई चिमणबागेच्या मैदानावर आठवड्यात शिकली. चेतकवर ती कायम मागे एका बाजूला पाय टाकून बसली होती. आता भाजी आणायला बाबांना मागे बसवून जायला लागली. इंजिन केवळ अठ्ठ्याण्णव सीसीचं, म्हणजे चेतकच्या दोन-तृतीयांश. पण सिग्नलला चेतकच्या बरोबरीने सुटायचं. ते कसं, या एका प्रश्नातून माझं सगळं सुरू झालं.

पहिल्यांदा डाव्या बाजूचं झाकण उघडलं तेव्हा मी कॉलेज नुकतंच संपवलेला, नोकरी नसलेला होतो. ओट्यावर आईची जुनी परात, तीत रॉकेल, शेजारी पाने, प्लास, पेचकस. (पुण्याची मावशी आली की हसते. ‘पेचकस काय रे, स्क्रू ड्रायव्हर म्हण. आणि प्लास नाही, पक्कड.’ आमची मराठी अशीच आहे. ‘गाडी मिसिंग करून राहिली’ असं आम्ही बोलतो आणि गाडीला कळतं.) झाकणाखाली दोन पुल्या आणि एक रबरी बेल्ट. बस. एवढ्यावर सगळे गिअर.

पुढच्या पुलीच्या पोटात, खोबणींमध्ये, सुपारीपेक्षा थोडे मोठे रोलर असतात. इंजिन फिरू लागलं की चक्रीपाळण्यातल्या माणसांसारखे ते बाहेर फेकले जातात आणि पुलीचं एक पान दुसऱ्याकडे ढकलतात. पानं जवळ आली की मधला बेल्ट वर चढतो. पुढे चढला की मागच्या पुलीत त्याला खाली उतरावंच लागतं, कारण बेल्टची लांबी ठरलेली. तोच गिअर बदलणं. कोणी बदलत नाही, आपोआप बदलतो. मला ते इतकं आवडलं की त्या दिवशी झाकण लावायला संध्याकाळ झाली.

आता या रोलरांचं वजन कमी केलं तर? बाहेर फेकण्याचा जोर वजनाच्या प्रमाणात वाढतो आणि फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे रोलर दहा टक्क्यांनी हलके केले की तेवढाच जोर मिळवायला इंजिनाला पाचेक टक्के जास्त फिरावं लागतं. गिअर उशिरा बदलतो, इंजिन वरच्या फेऱ्यांत राहतं, पिकअप वाढतो. मी हलके रोलर मिळवले, पण त्यांतल्या दोघांचं वजन एकसारखं असेल याची खात्री नव्हती. घरातला काटा भाजीचा. शेवटी सराफ्यात गेलो. रात्री गराडू-जिलबीला जातो तो सराफा नव्हे, दिवसाचा, खरा. आईच्या पाटल्या ज्यांच्याकडे झाल्या त्यांच्या पेढीवर काळे, तेलकट रोलर ठेवले आणि तोलून द्या म्हणालो. त्यांनी गादीवरून वाकून एक उचलला, उजेडात धरला आणि धातू कोणता म्हणून विचारलं. मग काही न बोलता एकेक करून सगळे तोलले. दोघांत जवळजवळ अर्ध्या ग्रॅमचा फरक निघाला. जड असलेला आतून घासून बरोबरीला आणला, पुन्हा तोलला. एवढ्या कामाचे त्यांनी काही घेतले नाहीत, पण माझ्या आईशी एकदा बोलायला हवं असा चेहरा होता.

रोलर बसवले. पलासिया चौकातून गाडी अशी सुटली की शेजारचा मोटरसायकलवाला वळून बघत राहिला. घरी येऊन मी बाबांना सांगितलं, पिकअप वाढला. ते कपाळावर चष्मा ठेवून पेपर वाचत होते.

‘कुठून आणलंस?’

मला वाटलं रोलर कुठून आणले असं विचारतायत. दुकानाचं नाव सांगितलं.

‘रोलर नाही रे. पिकअप. इंजिन तेच, पेट्रोल तेच. मग जास्तीचा पिकअप कुठून आणलास?’

मी वर्गाचं प्रमाण वगैरे सांगायला लागलो. त्यांनी पेपर पुढे ओढला. तीन आठवड्यांनी कॅलेंडरावर उत्तर आलं. आधीच्या महिन्यांत लिटरला ४३, ४४, आणि त्या महिन्यात ३८. बाबांनी आकड्याखाली रेघही जास्त जोरात मारलेली नव्हती. फक्त लिहिला होता.

यात एक मेख आहे आणि ती मला बऱ्याच दिवसांनी समजली. काढून ठेवलेले जुने रोलर एका शेवेच्या डब्यात होते. एकदा सहज हातात घेतले तर प्रत्येकाला एक बाजू चपटी झालेली. इतकी वर्षं एकाच जागी घासून घासून ते गोल राहिलेच नव्हते, खोबणीत फिरायचे नाहीत, अडकत सरकायचे. मग हट्टाने कंपनीच्याच वजनाचे नवे रोलर आणून बसवले. पिकअप निम्म्याहून जास्त तसाच राहिला आणि अ‍ॅव्हरेज ४३ वर परत आलं. म्हणजे ज्याला मी माझी करामत समजत होतो, तिच्यातली निम्मी फक्त गोलाई होती. घरी बसून इंजिन ‘अपग्रेड’ करणाऱ्या माझ्यासारख्यांच्या निम्म्या कथा अशाच असाव्यात. आम्ही एक नवा भाग घालतो, त्या निमित्ताने दहा जागची घाण काढतो, प्लगचा गॅप नीट करतो, केबलला तेल देतो, आणि श्रेय नव्या भागाला.

सायलेन्सरचंही तेच. आमच्या किनेटिकसारख्या टू-स्ट्रोक इंजिनात सिलिंडरच्या डोक्यावर वॉल्व नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात, पोर्ट, आणि पिस्टन वरखाली होताना त्या उघडतो, झाकतो. जळका धूर बाहेर जायची खिडकी आणि ताजं मिश्रण आत यायची खिडकी काही क्षण एकाच वेळी उघड्या असतात, त्यामुळे थोडं ताजं मिश्रण न जळताच बाहेर निसटतं. ते अडवण्याचं काम सायलेन्सरच्या आतल्या आकारावर आहे. धुराचा ठोका पुढे जाऊन आपटतो, उलटा परततो आणि निसटू पाहणाऱ्याला आत ढकलतो. म्हणून या इंजिनात सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग. आवाज मोठा व्हावा म्हणून त्याचं पोट कापणारे जे चौकाचौकांत भेटतात, ते आवाज विकत घेतात आणि ताकद देऊन टाकतात. मी एवढंच केलं की आमचा सायलेन्सर काढून अंगणात जाळला. ऑईलचा कार्बन आत इतका साचलेला की तासभर धूर निघत राहिला, गल्लीतल्या खिडक्या धडाधड बंद झाल्या आणि आईने दोन दिवस माझ्याशी शब्द बोलला नाही. थंड झाल्यावर लाकडी ठोकळ्याने ठोकला तर काळे पापुद्रे मूठ मूठ पडले. त्या महिन्यात कॅलेंडर म्हणतं ४५. कॅलेंडराने मला दिलेली ती एकमेव शाबासकी.

पण हात तिथे थांबला नाही. हेड उघडलेलंच होतं, सिलिंडर हातात होता, आणि धूर जाण्याच्या पोर्टची वरची कड जराशी वर घेतली की इंजिन वरच्या फेऱ्यांत मोकळं धावतं हे मी ऐकून होतो. बारीक गोल कानस घेऊन ओट्यावर बसलो. बाबा कामावरून आले, चपला काढता काढता थांबले.

‘काय करून राहिलास?’

‘पोर्ट थोडा वर घेतो. एक मिलिमीटर.’

‘रोलर बदललास, परत बदलता आला. कार्बोरेटरचा जेट बदललास, परत बदलता येईल. कानस लावलेलं परत भरता येतं का?’

मी कानस खाली ठेवली. पटलं म्हणून नाही. सिलिंडर नवा घ्यायला माझ्याकडे पैसे नव्हते म्हणून. कारण काही असो, ती कड आजही पीथमपूरहून आली तशीच आहे.

परत भरता न येणारी गोष्ट मी दुसऱ्या मार्गाने केलीच. २००४ चा मे. आतेभाऊ आणि मी ओंकारेश्वरला निघालो. आदल्या रात्री एअर फिल्टरमधला स्पंज काढून टाकला होता, इंजिनाला मोकळा श्वास मिळावा म्हणून. गाडी खरोखरच हलकी वाटत होती. भंवरकुवा मागे टाकला, सिमरोल गेलं, भेरूघाट उतरलो, नर्मदेत डुबकी, दर्शन, दुपारी परतीला लागलो. आता हिशेब बघा. स्पंज काढल्यामुळे हवा जास्त, जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तोच, म्हणजे पेट्रोल तेवढंच. मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथली हवा पाचेक टक्क्यांनी विरळ, त्यामुळे पठारावर ही चूक थोडी झाकली जात होती. नर्मदेकाठी उतरलो तसं ते पांघरुणही गेलं. वर दोन माणसं, चढ आणि माझी पूर्ण पिळलेली मूठ. टू-स्ट्रोकला पेट्रोल कमी पडलं की ज्वाला जास्त तापते, पिस्टन फुगतो, आणि त्याला फुगायला जागा किती असते ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

घाटाच्या मधोमध कोणीतरी मागून गाडी धरून ठेवल्यासारखं झालं. एक बारीक किरकिर, आणि इंजिन बंद. चेतक असती तर मागचं चाक जाम होऊन आम्ही दोघे ट्रकखाली असतो. चेतक चालवणाऱ्यांची दोन बोटं म्हणूनच कायम क्लचवर असायची. किनेटिकचा क्लच फेऱ्यांवर धरतो आणि फेऱ्या पडल्या की आपण होऊन सुटतो, त्यामुळे गाडी चढावर आपली शहाण्यासारखी हळूहळू थांबली. पळसाच्या सावलीत तासभर बसलो. हात लावता येईल इतकं इंजिन थंड झाल्यावर किक मारली, फिरली. वीसच्या वेगाने, थांबत थांबत, रात्री घरी.

दुसऱ्या दिवशी सिलिंडर काढला. पिस्टनची धुराच्या बाजूची कड सोलली गेली होती आणि तिचं अल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीवर चोपडलं होतं. बाबांनी आत बोट फिरवलं. ओरडतील वाटलं होतं. त्यांनी कपाटातून निळ्या मखमलीचा डबा काढला, त्यात त्यांचं मायक्रोमीटर, आणि मला म्हणाले, चल.

खरादवाल्याच्या (पुण्याच्या मराठीत लेथवाल्याच्या) दुकानात जाऊन मी लगेच सिलिंडर पुढे केला. तो म्हणाला, ‘पहले पिस्टन लाओ भिया, बोर बाद में.’ ही गोष्ट कुठल्याही पुस्तकाआधी त्याच्याकडून शिकलो. पॉइंट पंचवीसचा पिस्टन म्हणजे पाव मिलिमीटर मोठा, हे फक्त खोक्यावर. प्रत्यक्षात हातात येतो तो नग मोजायचा आणि त्याच्या मापाने सिलिंडर कापायचा. पिस्टन आणला. बाबांनी तो वरून नाही, खालच्या घेराशी मोजला, पिनेला काटकोनात. वरचा भाग जास्त तापतो आणि जास्त फुगतो, म्हणून तो आधीपासूनच बारीक केलेला असतो, आणि घेरही पुरता गोल नसतो. हे सगळं ते मला सांगत नव्हते, खरादवाल्याशी बोलत होते. मी ऐकत होतो. दोन थाऊ ठेव, ते म्हणाले. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दोन थाऊ म्हणजे मिलिमीटरचा विसावा. डोक्याच्या केसाहूनही कमी. भेरूघाटात माझ्या पिस्टनला फुगायला एवढीच जागा होती आणि ती मी एका स्पंजाच्या मोबदल्यात संपवली.

खरादवाल्याने सुचवलं की आणता येईल तेवढा मोठा पिस्टन आणा, सीसी वाढवून देतो. तोवर मलाच हौस उरली नव्हती. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. नोंदणीच्या पुस्तकात कंपनीने जे लिहिलंय त्याहून वेगळी गाडी करायला परवानगी नाही. पाव मिलिमीटरचा रिबोर ही दुरुस्ती, मोठ्या सिलिंडरचा संच घालणं म्हणजे वेगळी गाडी. आमच्या गाडीची पंधरा वर्षं २००८ मध्ये भरली, त्यानंतर दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यायला ती तपासणाऱ्यासमोर उभी राहते, आणि मला तिथे खोटं बोलता येत नाही. स्पंज परत बसवला. रनिंग-इनचे, म्हणजे नवा पिस्टन रुळेपर्यंतचे, पहिले पाचशे किलोमीटर बाबांनी मला मुठीला हात लावू दिला नाही. रोज संध्याकाळी स्वतः चाळीसच्या आत चालवून यायचे, राजवाड्यापर्यंत, कधी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत. आई म्हणायची, यांना फिरायला निमित्त मिळालं.

होंडा त्याआधीच, १९९८ मध्ये, किनेटिकमधून बाहेर पडली होती. २००८ मध्ये दुचाकींचा तो धंदाही महिंद्राकडे गेला. नव्या बहुतेक गाड्यांत तर आता जेटच नाही. २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-सहा नियम आल्यावर पेट्रोल किती सोडायचं ते एक चिप ठरवते, आणि चुकीचं हवामान, चुकीचा फिल्टर, सगळं ती निमूट सांभाळून घेते. ते चांगलंच आहे, शहराच्या फुप्फुसांना तर नक्कीच. मला करमत नाही, एवढंच.

आमच्या गाडीला मात्र अजून मीच चिप. अलीकडे पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. वजनाने बघितलं तर एक भाग पेट्रोल जाळायला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ च्या आसपास. मिसळल्यावर साडेतेराच्या घरात. म्हणजे जुना जेट तोच ठेवला तर गाडी आपोआप लीन. एकदा घाटात बसलेलो असल्यामुळे हा शब्द ऐकला की मला पळसाची सावली आठवते. प्लग काढून बघितला तर एरवी दुधाच्या चहाच्या रंगाचा असतो तो पांढुरका पडलेला. मेन जेट चारेक टक्के मोठा घातला. कार्बोरेटरपर्यंतची रबरी नळी फुगून मऊ पडली होती, तीही बदलली. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली तर टाकी रिकामी करतो, कारण हे पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं. ऑईलची टाकी वेगळी आहे, पंप आपोआप मिसळतो, तरी आमच्या गल्लीतला प्रत्येक जण सांगतो की पेट्रोलमध्येही एक झाकण टाक. टाकत नाही. जास्तीच्या ऑईलने तेवढ्या जागेतलं पेट्रोल कमी होतं, म्हणजे मिश्रण उलट लीनच होतं. हे कुणालाच पटत नाही.

बाबा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि त्याबरोबर कॅलेंडरही. मीच लिहितो. गेल्या महिन्यात टायर बदलले. पुढे जुन्या, ३.५०-१० मापाचा मिळाला नाही म्हणून दुकानदाराने ९०/९०-१० दिला, बसतो म्हणाला, बसला. मग कार्बोरेटर पुन्हा एकदा उघडून हवेचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला, आणि टाकी ते टाकी मोजलं तर ४१.६. नव्या पेट्रोलवर इतकं कधीच आलं नव्हतं. पेन्सिलने लिहिलं आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसलेल्या बाबांना सांगितलं.

‘कुठून आणलंस?’

हवेचा स्क्रू, म्हणालो. ते उठले. खडू मागितला, आईची शिवणाची टेप मागितली. पुढच्या टायरवर जमिनीला टेकतो तिथे एक रेघ, तिच्याखाली फरशीवर एक रेघ. मला गाडी ढकलायला लावली, एक पूर्ण फेरा, रेघ परत खाली येईस्तोवर. टेप लावली. मग मागच्या चाकाचं तेच. मागचा टायर जुन्या मापाचा होता.

‘मागचा एकशे चौतीस, पुढचा एकशे एकोणतीस. किलोमीटरची केबल कुठल्या चाकावर?’

पुढच्या. मी तोंडातल्या तोंडात म्हणालो.

ते आत गेले, भिंतीला टेकून उभे राहिले आणि कॅलेंडराच्या समासात पेन्सिलने भागाकार करायला लागले. हात आता थरथरतो, पण रेघ सरळ आली. ४१.६ वर काट मारून खाली ४० लिहिलं.

‘दीड किलोमीटर टायरातनं आणलास,’ म्हणाले, आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.